अंगाऱ्यातली झोप

शिनोलीच्या पुढे, भीमाशंकरच्या रस्त्याला, सोमवारी उजाडायच्या आत जीपगाड्यांची रांग लागायची. कुणाला शिंका आवरत नसत, कुणाच्या अंगावर पित्ताच्या गांधी उठलेल्या, कुणाला दमा. पत्र्याच्या शेडमध्ये विश्रामबाबा वाघाच्या छापाच्या ब्लँकेटवर बसलेले असत.

"जीभ काढ, शंका सोड. देव आत गेला की रोगाला बसायला जागाच न्हाई, राव."

चिमूटभर अंगारा जिभेवर पडे. घटकाभरात खाज थांबे, नाक कोरडं होई, आणि माणूस बसल्या जागी कलंडे. दमेकऱ्याचा दमा जात नसे, पण तोही झोपे, आणि झोपलेला माणूस तक्रार करत नाही. देव डोळ्यांत उतरला, असं शिष्य पुकारी. गर्दी हात जोडी.

लंकाबाई हे सगळं खांबाला टेकून पाहत होती. तिच्या मनगटाला हळदीत भिजवलेलं कच्चं सूत बांधलं होतं आणि त्याचं दुसरं टोक खांबाला. झटका दिला तर तुटेल असं. पण बांधताना बाबांनी बजावलं होतं की, अमावस्येच्या आत जो हे सूत तोडील, त्याच्या लेकराच्या छातीत हे दुखणं जाईल. लंकाबाईची श्रेया सहा वर्षांची होती. लोखंडाची साखळी असती तर तिनं एव्हाना दगडानं ठेचली असती.

२००६ सालचा वैशाख होता. डिंभ्याला घरी असताना तिला आधी साधा ताप आला, खोकला आला. ताप उतरला, पण मग घागर उचलली की दम लागायला लागला आणि छातीत दुखायला लागलं. घोडेगावात इंदरचंदशेठच्या मुलानं, हितेशनं, म्हणजे आता डॉक्टर हितेशनं, बराच वेळ नळी लावून ऐकलं. तापाचा विषाणू हृदयापर्यंत गेला असावा, हृदयाला सूज असावी, असं तो म्हणाला. पुण्याला जा, तपासणी करा, आणि तोवर हिला काडीसुद्धा उचलू देऊ नका.

नवरा गेणभाऊ काही मूर्ख नव्हता. डेअरीवर दूध घेताना यंत्र बुडवल्याशिवाय सख्ख्या भावाचाही शब्द तो मानत नसे. पण आदल्या वर्षी त्याच्या अंगावर उठलेलं पित्त याच अंगाऱ्यानं बसलं होतं. जो अंगारा पित्ताला चालतो तो छातीला का चालणार नाही, असा हिशेब त्यानं केला. पुण्याकडे जायचं सोडून त्यानं बायकोला शिनोलीला आणलं.

रोज पहाटे शिष्य खांबाचं टोक सोडून हातात धरी आणि गाय फिरवावी तशी तिला शेडभोवती प्रदक्षिणा घालायला लावी. तिचे पाय सुजले. आडवं झालं की जीव घाबरा होई. ती हे सांगू लागली तर बाबा म्हणत, दुखणं जाताना दंगा करतंय. मग अंगारा आणि पुन्हा झोप. आपण बरं होत नाही, नुसतं गप्प होतोय, हे तिला कळत होतं. पण कुणाला सांगणार? गेणभाऊला ती झोपलेली दिसे, आणि तो समाधानानं डेअरीला जाई.

अंगारा कडू होता. लहानपणी राखेनं दात घासलेल्या बाईला राखेची चव माहीत असते, आणि ही चव राखेची नव्हती. एका सकाळी तिनं चिमूट गालात धरली आणि शिष्य वळताच पदरात थुंकली. त्या दिवशी तिचा डोळा लागला नाही. दुसऱ्या दिवशी अंगारा गिळला, तर दुपारपर्यंत शुद्ध नव्हती. तिसऱ्या दिवशी पुन्हा थुंकला, पुन्हा जागी.

"देव माझ्या गालात बसत न्हाई, पोटातच उतरतो, असं कसं गं?" तिनं शेजारच्या कुशाबाईला हळूच विचारलं. कुशाबाई शिंकांसाठी आली होती आणि त्याच दिवशी घोडेगावला परतणार होती. अंगाऱ्याची पुडी चोळीत खोचून ती थेट डॉक्टरकडे गेली.

सोमवारी भरल्या गर्दीत हितेश आला. त्याच्या उजव्या हातात बाबांचा अंगारा होता, डाव्या हातात स्वतःच्या चुलीतली राख. त्यानं पुढच्या माणसांना दोन्ही चाटायला लावलं.

"हा अंगारा कडू हाय," एक म्हातारा म्हणाला.

"तुमचं पाप कडू हाय," बाबा म्हणाले.

"मग डाव्या हातातल्या राखेला माझं पाप का लागत न्हाई?" म्हाताऱ्यानं विचारलं.

लोक हसले. कुणीतरी ब्लँकेट उचललं. खाली खल होता, बत्ता होता, आणि गोळ्यांची रिकामी पाकिटं. खाजेवर, शिंकांवर देतात त्या झोप आणणाऱ्या गोळ्या.

बाबा डगमगले नाहीत. "गोळी तर गोळी. पेपरात आलंय, अ‍ॅलर्जीची गोळी हृदयाच्या सुजेवर चालते. इचारा तुमच्या डॉक्टरला."

गर्दी पुन्हा वळली. गेणभाऊच्या तोंडावर आशा आली. लंकाबाईनं ती पाहिली.

"बातमी खोटी नाही, गेणभाऊ," हितेश म्हणाला. "विषाणूनं हृदय सुजलेल्या उंदरांना तसली एक गोळी दिली, आणि त्यांना फायदा दिसला. उंदरांना. माणसांचं अजून ठरायचंय, आणि ती गोळीही ही नव्हे. उद्या ठरलं तर मी नाव आणि मात्रा सांगून उघड देईन, राखेत लपवून नाही. आणि त्या उंदरांना कुणी पहाटे प्रदक्षिणा घालायला लावल्या नव्हत्या."

गेणभाऊ सुताशी आला. त्यानं हात पुढे केला आणि तसाच थांबला. श्रेया त्याचीही होती.

"सरा वाईच," लंकाबाई म्हणाली, आणि तिनं स्वतःच मनगटाला हिसका दिला.

पुण्यात तिच्या हृदयाला सूज असल्याचं नक्की झालं. महिनाभर ती पडून राहिली. चढ चढताना अजूनही तिला थांबावं लागतं. उशिरा आलात, असं तिथले डॉक्टर म्हणाले, तेव्हा गेणभाऊ भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

आषाढात श्रेयाला ताप भरला. सासू प्रयागबाईनं कपाळावर हात मारला. "सूत तोडलंस. भोग आता."

लंकाबाईला क्षणभर पुन्हा त्या खांबापाशी बसल्यासारखं झालं. मग ती पोरीला पदराखाली घेऊन उठली.

"आत्या, आळीतली निम्मी पोरं तापानं पडल्यात. त्यांच्या आयांनी कुठलं सूत तोडलंय?"

प्रयागबाईनं आळीकडे पाहिलं. समोरच्या ओट्यावर दोन पोरं घोंगडीत गुरफटून बसली होती.

"तुमी तेवढं दार लावून घ्या," लंकाबाई म्हणाली. "मी हिला घोडेगावला दाखवून येते. औषध काय, कशाचं, किती, सगळं इचारून येते. इचारल्यानं ज्याला राग येतो, त्याच्या हातचं खायचं न्हाई."