वाळवलेला चुना

माझा मुलगा साईश पाण्याखाली काम करतो आणि पणजीचा तुषार त्याला पाण्याबाहेर लुटतो, हे मी वर्षभर घरात ओरडून सांगत होतो. ऐकतं कोण!

डिचोलीतल्या बंद खाणींच्या खड्ड्यांत पाणी साठलंय. तळाशी बुडालेले पंप काढायला साईश उतरतो. साध्या सिलिंडरची हवा तेवढ्या खोलवर बघता बघता संपते, म्हणून त्याने डायव्हिंगचं सामान विकणाऱ्या तुषारकडून जुनं रीब्रीदर घेतलं. आपण सोडलेला श्वास ते यंत्र स्वच्छ करून आपल्यालाच परत देतं. किंमत साडेतीन लाख. नवं याच्या तिप्पट पडतं म्हणे. मला तेव्हाच वास आला. एवढ्या स्वस्तात कोण सोडतो?

मग खर्च सुरू झाले. ऑक्सिजन मोजणारे तीन सेन्सर, प्रत्येकी आठ हजार, वर्षाने बदलायचे. वापरले नाहीत तरी बदलायचे! रबरी नळ्या, वॉशर, सर्व्हिसिंग, सगळं तुषारकडेच. वर तो चुना. पांढऱ्या दाण्यांचा डबा चौदा हजारांचा. त्यातले अडीच किलो यंत्रात भरायचे, तीन तास काम करायचं आणि फेकून द्यायचे. मी सत्तावीस वर्षं खाणीवर ट्रक चालवला. मला कोण बनवणार? तुषारला दोनदा फोन करून भांडलो आणि त्याचा नंबर 'चोर पणजी' या नावाने ठेवला.

"ह्यो चुनो संपलो कसो? दाणे तर तसेच आसत," मी साईशला एकदा विचारलं.

"दिसूक तसेच दिसतत, बाबा. आतून मेलेले आसत. परत वापरूचे नसतत."

"कोणी सांगल्यान?"

"मशीनच्या पुस्तकात आसा."

"आणि पुस्तक कोणी छापल्यान? विकणाऱ्यानच मा?"

तो नुसता हसला. त्या हसण्याने माझं डोकं आणखी फिरलं.

एप्रिलात आमच्या कोरगावात गच्चीगच्चीवर काही ना काही वाळत असतं. आमच्या गच्चीवर आमसुलं होती. साईशने फेकायला ठेवलेली चुन्याची पिशवी मी उचलली. दाणे जरा जांभळट, जरा ओलसर, एवढंच. आमसुलांना लागूनच चटईवर पसरले. दोन दिवसांत पांढरेशुभ्र! चाळून घेतले आणि गुपचूप साईशने फोडलेल्या नव्या डब्यात वरच्या वर ओतले. साईश ते वापरून आला की त्याला पुराव्यानिशी दाखवणार होतो.

मंगळवारी तो डबा घेऊन डिचोलीला गेला. थोड्या वेळाने सून तनया चाळणी घेऊन आली. "बाबा, ह्या पांढरा काय लागला हिका?"

मी ऐटीत सगळं सांगितलं. तिच्या हातातून चाळणी पडली.

"बाबा, तेंच्या श्वासातलो विषारी वायू तो चुनो खाता. मेलेलो चुनो काय खातलो? पाण्यात गुंगी येतली, तेंका कळूचासुद्धा नाय!"

फोन लागेना. खाणीत रेंज नसते. तनयाच्या स्कूटरवर मागे बसून कोरगाव ते डिचोली मी कुठल्या देवाला काय बोललो, ते आज आठवत नाही. तुषारला वर्षभर घातलेली एकेक शिवी मात्र आठवत होती.

खड्ड्याच्या काठावर ताडपत्री दिसली. साईश दिसला नाही. माझा धीरच सुटला. तेवढ्यात चढावरून, हातात फोन घेऊन, तो खाली आला. अंगावरचे कपडे कोरडे होते. मी तिथेच लाल मातीत बसलो.

ताडपत्रीवर सगळा चुना ओतलेला होता.

"भरताना दाणे हाताक कडक लागले. माका वाटला, तुषारान भेसळ केल्यान," तो म्हणाला. "वर रस्त्यार जावन तेका नको नको ता बोललंय. तो आपला एकच सांगी होतो, काय्येक झाला तरी आज उतरू नको. मगे डबो पुरो ओतलंय, तेव्हा ह्या गावला."

त्याने मूठ उघडली. आमसुलाचं एक साल होतं.

"मीच वाळवलंय," मी म्हणालो आणि लहान पोरासारखा रडलो. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

"वर चल," तो म्हणाला. "तुषाराक आता फोन तू लाव."

रस्त्यावर येऊन मी फोन काढला. पडद्यावर 'चोर पणजी' उमटलं. साईशने ते वाचलं, तनयानेही वाचलं. एकाच रिंगमध्ये फोन उचलला गेला. माझ्या तोंडून शब्द फुटायच्या आधीच पलीकडून तुषार घाबऱ्याघाबऱ्या म्हणाला, "काका, साईश पाण्यात उतरूक नाय मा?"