साखऱ्याच्या माळावरची डेझर्ट सफारी

माझं तोंड लई वाईट हाय, हे सेनगावात कोणालाबी विचारा. भाजीवाल्यापासून सासऱ्यापर्यंत मी कोणाला सोडलं न्हाई. घरात आमी दखनी बोलतो, पण हे मराठीतच सांगते. ज्यांनी माझ्या नवऱ्याबद्दल गावभर नाही नाही ते उठवलंय, त्यांना बराबर समजलं पायजे.

नवऱ्याचं नाव शाकीर. आमच्याकडं बाया नवऱ्याचं नाव घेत न्हाईत, म्हून एकदाच घेतलं. पुढं मी फरहीनचे अब्बू म्हणीन. फरहीन आमची पोरगी, सात वर्षांची. लग्नाला दहा वर्षं झाली, त्यातली नऊ हे दुबईला. दोन वर्षांनी एकदा महिनाभर यायचे. त्यातले पंधरा दिवस पाहुण्यांच्या घरी चहा पिण्यात जायचे. शेजारणी म्हणायच्या, यास्मीन, तुझी काय मजा बाई, मालक दुबईला. मी म्हणायची, घ्या मग अदलाबदल करून.

तिथं ते डेझर्ट सफारीच्या कंपनीत होते. वाळवंटात लोकं फिरवायचं काम. दुपारी हॉटेलातून पाहुणे उचलायचे, वाळू लागली की जीपच्या टायरातली हवा कमी करायची, मग ती जीप वाळूच्या टेकड्यांवरून अशी खालीवर न्यायची की निम्मे लोक ओकतात. त्याच्यासाठी लोक दुबईला जातात, देवा. त्यानंतर क्वाड बाईक. म्हणजे चार चाकाची फटफटी, चाकं ट्रॅक्टरच्या पोरासारखी जाड. फरहीनचे अब्बू पुढं आणि मागं पंधरा-वीस गोरे, काळे, चिनी, सगळे त्यांच्या चाकोरीतून. मग सूर्य बुडताना फोटो, उंटावर एक चक्कर, मेहंदी, कबाब, नाच. नऊ वर्षं दररोज हेच.

मागच्या खेपेला ते आले, तर फरहीन चार दिवस त्यांच्याजवळ गेली न्हाई. माझ्या मागं उभी राहायची आणि मला विचारायची, हे आपल्यात किती दिवस हायेत. ते ऐकून हा माणूस मोरीत जाऊन रडला. नळ सोडून रडला, पण मला काय कळत न्हाई व्हय? त्याच दिवशी मी म्हणलं, बस झालं. आता जायचं न्हाई. मीठ-भाकर खाऊ, पण एका छपराखाली खाऊ.

आता इथं करायचं काय? सासऱ्यांचं, चाँद पाशांचं, बांगड्यांचं दुकान हाय, त्यात धाकटा दीर बसतो. तिथं तिसऱ्याला जागा न्हाई. फरहीनच्या अब्बूंना येतं ते एकच. मग त्यांनीच काढलं की साखऱ्याजवळ सटवाजीचा माळ पडून हाय, कुसळाशिवाय तिथं काही येत न्हाई, तिथं सफारी करू. सटवाजी त्यांच्या शाळेतला दोस्त. तो म्हणला, माळ तुझाच समज, बकऱ्यासुद्धा तिथं तोंड वेंगाडतात. जेसीबी लावून मुरमाचे ढिगारे केले, दोन-दोन माणूस उंच. हैदराबादकडं एक रिसॉर्ट बंद पडलं होतं, तिथून टेम्पोत घालून दोन क्वाड बाईक आणल्या. वाळू मात्र आणली न्हाई. नदीतली वाळू उचलली तर तहसीलची गाडी मागं लागते. कागदपत्राचं ग्रामपंचायतीत विचारलं, तर ते म्हणले, असल्या गाडीचा कागद आमच्याकडं कुठला असणार, चालवा तुमी.

बोर्ड लावला, 'डेझर्ट सफारी, साखरा'. लोक हसले. हसून हसून पाहायला मात्र आले. पहिल्या महिन्यात सेनगावहून आले, हिंगोलीहून आले, रिसोडकडचे आले. सगळ्यांचा पहिला सवाल, उंट कुठंय?

आणि हे त्यांना काय सांगणार? कायदे. एक गाडी, एक माणूस. सोळा वर्षांच्या आतलं लेकरू बसणार न्हाई. हेल्मेट, चष्मा, पायात बूट. ओढणी, पदर, गमछा, जे लोंबतं ते आत खोचायचं, न्हाईतर काढून ठेवायचं. गॅस अंगठ्यानं, ब्रेक हातानं, आणि माझ्या चाकोरीतूनच यायचं. रोज तेच, त्याच सुरात, माणूस एक असो का वीस. बाजूला एक खोकं ठेवलं होतं, त्यात जुने बूट आणि पिनांची डबी. मी म्हणायची, मशीद हाय का काय ही, बूट-चपलांचा एवढा बंदोबस्त?

पण आपली माणसं अशी ऐकत असतात व्हय? आपल्याकडं एका फटफटीवर बाप, पुढं टाकीवर पोरगं, मागं बायको एका अंगानं, तिच्या मांडीवर तान्हं. असं आख्खं घर बाजाराला जाऊन येतं. त्याला तुमी म्हणता एकट्यानं बस? हिंगोलीच्या एका सायबानं पोराला पुढं बसवलं, यांनी उतरवलं. साहेब तावातावानं गेला. नवं लग्न झालेलं जोडपं आलं, यांनी दोघांना दोन गाड्या दिल्या. पोरगी रुसली. एका आजीबाईला पदर खोचा म्हणले, तर तिच्या लेकानं यांचा गळा धरला. मी यांना सांगितलं, तुमी गिऱ्हाईक हाकलून राहिले. ते शांतपणे म्हणायचे, मी काय काय पाहिलंय ते तुला माहीत न्हाई. मी म्हणायची, मी बी काय काय सोसलंय ते तुमाला माहीत न्हाई.

हळूहळू लोक यायचे थांबले. आठ-आठ दिवस माळावर नुसता वारा. हे सकाळी जाऊन गाड्या पुसायचे, संध्याकाळी येऊन गप जेवायचे. आणि मग दुबईहून कंपनीच्या माणसाचा फोन सुरू झाला, महिनाअखेरीपर्यंत येत असशील तर जागा हाय, न्हाईतर दुसरा पाहतो. हे फोन घेऊन अंगणात जायचे आणि हळू बोलायचे. मी दाराआडून कान लावायची. मला दुसरं काही नको होतं. हा माणूस घरात पायजे होता, एवढंच.

त्याच महिन्यात धाकट्या दिराचं लग्न झालं. वलीम्याला, म्हणजे लग्नानंतरच्या आमच्याकडच्या जेवणाला, कुरुंद्याहून आमची नणंद आली, जुलेखा आपा, आणि तिचे मालक साजीदभाई. साजीदभाईंचा हळदीचा व्यापार, माणूस मोठा, आवाजबी मोठा. आपा म्हणजे फरहीनच्या अब्बूंची आईच. सासूबाई गेल्या तवा हे पाच वर्षांचे होते, आपा तेरा वर्षांची. तिनं यांना न्हाऊ घातलं, शाळेत घातलं, सुंता झाली तवा मांडीवर घेऊन बसली. मला ती कधी टोचून बोलली न्हाई. माझ्या तोंडाचं तिला हसू यायचं. म्हणायची, बोल गं, या घरात कोणीतरी बोलणारं पायजे होतं.

वलीम्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी साजीदभाई म्हणले, चला, मेहुण्याचं दुबई पाहू. दोन जीपा भरून माणसं माळावर गेली. मी मनात म्हणलं, या अल्ला, ही कुरुंद्याची माणसं खूश होऊन गेली तर आख्ख्या वसमत तालुक्यात बोलतील. चार गाड्या येतील, चाराच्या दहा होतील. मग तो फोन वाजला तरी कोणी उचलणार न्हाई.

यांनी सगळ्यांना उभं करून कायदे सांगितले. सगळे, एकबी सोडला न्हाई. साजीदभाई हसत होते. सांगणं संपायच्या आत ते गाडीवर बसले, हेल्मेट बाजूला ठेवलं, आणि मागच्या जागेवर हात थोपटून आपाला म्हणले, ये. आपा बुरख्यात होती, वर लग्नातली लांब ओढणी. ती बसली, अर्थातच एका अंगानं. तिच्या आख्ख्या जिंदगीत ती पाय टाकून बसली न्हाई, आणि धाकट्या भावासमोर, दिरा-पुतण्यांसमोर कशी बसणार? हे पुढं झाले आणि हँडलवर हात ठेवला. म्हणले, दुल्हाभाई, आपाला उतरवा, न्हाईतर दोघं वेगवेगळं बसा. साजीदभाईंचं हसू गेलं. म्हणले, तीस वर्षं मी बुलेट चालवतो. माझ्या बायकोला मागं बसवायला आता तुझी परवानगी लागणार का?

 आमच्यात बहीण ज्याच्या घरी दिली त्याचा मान काय असतो, ते सांगायला नको. त्याच्यापुढं सालाच नमतो, जल्मभर. वलीम्याच्या दुसऱ्या दिवशी, कुरुंद्याच्या सगळ्या भावकीसमोर त्याला गाडीवरून उतरवायचं म्हणजे बहिणीच्या संसारात निखारा टाकायचा. तरी यांनी हँडलवरचा हात काढला न्हाई. आणि त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

मी म्हणलं, "मारू द्या की एक चक्कर. हे काही दुबई न्हाई."

त्यांनी हात काढला.

पहिला ढिगारा गाडी बराबर चढली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्यावर आपाच्या ओढणीचं टोक मागच्या चाकात गेलं. मी ते पाहिलं. काळ्या बुरख्यावर हिरवी ओढणी, एकदम ताणली गेली, आणि आपा मागं ओढली गेली. साजीदभाईंना इंजिनाच्या आवाजात काही कळलं न्हाई. ते तसेच पुढं गेले, पाच-सहा हात असतील. हे ओरडत पळाले. मी त्यांना तसं ओरडताना कधी ऐकलं नव्हतं. सटवाजीनं पिकअप आणली. सेनगाव यायच्या आत आपा यांच्या मांडीवर गेली.

पुढचं सगळं पोलिसांचं. पंचनामा झाला, गाड्या नेल्या, परवाना विचारला. परवाना कुठला? साजीदभाई भिंतीला डोकं लावून बसले होते. त्यांना मी दोष देत न्हाई, त्यांचं घर बुडालं. साहेबानं यांना विचारलं, तुमी लोकांना काही सूचना देता का? त्या दिवशी दिल्या का? मी दाराशीच होते. मला वाटलं, आता सांगतील. नऊ वर्षं रोज सांगितलेलं, झोपेतबी पाठ असलेलं.

हे म्हणले, "न्हाई. सांगितलं न्हाई."

साहेबानं लिहून घेतलं.  मला बोलता येतं, सगळ्या गावाला माहीत हाय मला बोलता येतं. मी तिथं उभी राहिले आणि तोंड उघडलं न्हाई. कारण सांगितलं असं ते म्हणले असते, तर दुसरा सवाल आला असता, मग बसू कोणी दिलं? एक बोट साजीदभाईंकडं गेलं असतं, दुसरं माझ्याकडं. त्यांनी दोन्ही बोटं आपल्याकडं वळवून घेतली.

आता गावात म्हणतात, शाकीर दुबईत एवढी वर्षं राहून काही शिकला न्हाई. म्हणतात, त्यानं आपल्या आईसारख्या बहिणीला धंद्याच्या नादात मारलं. जामीन झाला, पण पासपोर्ट कोर्टात जमा. तारखा चालू हायेत. दुबईचा माणूस दोनदा फोन करून थांबला. तिकडची वाट मिटली, माळावरचे ढिगारे पावसानं निम्मे बसले. साजीदभाईंच्या घरचं कोणी येत न्हाई. सासरे दुकानातून येतात, जेवतात, लेकाकडं न पाहता झोपायला जातात.

हे घरातच असतात. फरहीन आता त्यांना घाबरत न्हाई, वही घेऊन जवळ बसते, गणित विचारते. तिसऱ्यांदा विचारलं की ते उत्तर देतात. मग ती वही मिटून माझ्याकडं येते.

परवा मला राहवलं न्हाई. सासरे दुकानात होते, पोरगी शाळेत. मी यांच्यासमोर बसले आणि म्हणलं, मी कोर्टात जाते. सांगते की तुमी कायदे सांगितले होते, सगळ्यांनी ऐकले होते, आणि जाऊ द्या असं मी म्हणले. मला शिव्या द्या, मारा, माहेरी धाडा, पण असं गप बसू नका. मी लई बोलले. जे आठ महिने पोटात होतं ते सगळं बोलले आणि रडले.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणले, "हात मी तू म्हणली म्हून न्हाई काढला. तिथं मी शेखाच्या पाहुण्यालाबी उतरवलंय गाडीवरून. हात धरून उतरवलंय." आणि म्हणले, "तिथं माझं कोणी नव्हतं ना."

एवढंच. मग त्यांनी विचारलं, फरहीनची शाळा किती वाजता सुटते.

मला हा माणूस घरात पायजे होता. आता तो रोज घरात हाय, तिन्ही टाईम माझ्या हातचं जेवतो, आणि सकाळी त्याच्यासमोर चहा ठेवायला मला दाराशी थांबून हिंमत गोळा करावी लागते.