मिसरचे सोयरे

मी फळा बोलतोय. कानांगा शहरात, चिबांदा गुरुजींच्या अंगणात, आंब्याखाली टांगलेला. शाळेला नवे फळे आले तेव्हा माझी रवानगी अडगळीत झाली होती. गुरुजींनी मला डोक्यावर घेतलं आणि घरी आणलं.

गुरुजींना एकच ध्यास. प्राचीन मिसरची, म्हणजे इजिप्तची, भाषा आणि आपली इथली बोली चिलुबा एकाच कुळातल्या! माझ्या डाव्या अंगावर मिसरी शब्द, उजव्या अंगावर चिलुबा. जोडी जमली की म्हातारा अंगणभर नाचायचा.

"लोक पोरांची लग्नं जुळवतात, आमचे हे शब्दांची," बायको बिपेंदू चुलीवर बिदियाचं घट्ट पिठलं ढवळता ढवळता म्हणायची.

एका रविवारी गुरुजींचं यावर भाषण ठरलं. सगळी वस्ती येणार होती. आदल्या दिवशी लेक कापिंगा आली. ती किन्शासाला भाषाशास्त्र शिकवते. तिनं मला वरपासून खालपर्यंत वाचलं.

"बाबा, मिसरी लिपीत स्वर लिहीतच नसत. हे मधले स्वर तुम्ही घातलेत."

"बरं, मग मिसरी 'मव्' म्हणजे पाणी, आपलं 'मायी' म्हणजे पाणी. याचं काय?"

"फ्रेंच 'मेर' म्हणजे समुद्र. तोही 'म'च. मग फ्रेंच आपले चुलते का?"

बिपेंदूला हसू आवरेना. गुरुजी मात्र जेवले नाहीत. माझ्याही अंगावरची अक्षरं जड झाली.

रविवारी गुरुजी माझ्याजवळ उभे राहिले, खाकरले. "ही माझी लेक. काल हिनं माझं नाक कापलं. म्हटलं, उरलेलं तुमच्यादेखत कापून घ्यावं!"

हशा पिकला. त्यांनी खडू तिच्या हाती दिला.

"बाबांचं खोटंच आहे असं नाही," कापिंगा म्हणाली. "पण ते सिद्ध झालेलं नाही. दूरचे सोयरे शोधायचे तर आधी आपली भावकी ओळखायला हवी. तुमच्या आजीच्या गावी पाण्याला काय म्हणायचे? चुलीला? धाकट्या जावेला?"

मग काय विचारता! मुसाऊआजी उठून एक शब्द बोलली. "गप गं, तो शेजारच्या गावाकडून उचललेला!" दुसरी कडाडली. भांडणं, टाळ्या, ताडी. गुरुजी दुसरा खडू घेऊन लिहिता लिहिता घामाघूम झाले, खडूनं पांढरे झाले आणि लहान मुलासारखे हसत होते. "लिही गं, लिही, सुटला तो शब्द!" बापलेक एकाच वेळी माझ्यावर लिहीत होते. इतकं सुख मला शाळेतही मिळालं नव्हतं.

आता दर रविवारी अंगण भरतं. माझा एक कोपरा वाळवीनं खाल्लाय, रंग उडालाय. त्याचं काही नाही. एवढंच मागणं आहे. मला पुसण्याआधी एकदा मोठ्यानं वाचा. माझ्यावर कुणाची तरी आजी बोलत असेल.