नामंजूरकाकांचे आभार

डबा लपवायचा, जागेचे अक्षांश-रेखांश संकेतस्थळावर टाकायचे आणि अनोळखी माणसांनी मोबाइल नाचवत तो हुडकायचा; सापडला की आतल्या वहीत सही करून पुन्हा तिथंच ठेवायचा. या खेळात सर्वांत जास्त शिव्या खाणारा माणूस म्हणजे तपासनीस. डब्याची जागा नियमात बसते की नाही, हे तो बघतो. तेही फुकट.

एक निवृत्त नकाशाकार हे काम अकरा वर्षं करत होते. खेळाडू त्यांना पाठीमागे ‘नामंजूरकाका’ म्हणत. हे त्यांना ठाऊक होतं, कारण त्याच नावाचे तीन डबे मंजुरीला आले होते. तिन्ही त्यांनी नामंजूर केले. दोन डब्यांतलं अंतर कमी होतं.

मंगळवारी नवा अर्ज आला. ‘नामंजूरकाकांचे आभार. जागा : बागेतला बाक. रविवारी चारला चाळीस जण मिळून उघडणार.’ पाठवणार, दातांच्या डॉक्टरीणबाई. काकांनी चष्मा पुसून तो तीनदा वाचला. आभार हा शब्द त्यांच्या वाट्याला कधी आला नव्हता. मग हात सवयीनं मोजायला लागला. शेजारच्या डब्यापासून एकशे अठ्ठावन्न मीटर. नियम किमान एकशे एकसष्टचा.

नामंजूर.

लगेच फोन आला. “काका, तीनच मीटर हो.”

“तुम्ही दुखरा दात सोडून तीन दात पलीकडचा उपटता का?”

“मग पुढं सरकवू?”

“पुढं तळं आहे.”

काकांनी फोन ठेवून काकूंना सगळा प्रकार सांगितला. स्वयंपाकघरातून काकू म्हणाल्या, “सदतीस वर्षांत मी कधी तुमचे आभार मानले नाहीत. चाळीस माणसं मानायला निघालीत, तर त्यांनाही मोडता. तो शेजारचा डबा कुणाचा?”

काकांनी संगणकाच्या पडद्यावर बोट टेकवलं. “माझा.”

“कुणी येतं शोधायला?”

“सहा वर्षांत नाही.”

“मग काढून टाका की.”

“पहिला आहे तो माझा.”

काकूंनी वाद न घालता पोळ्या लाटायला घेतल्या. त्यामुळे काकांना चार रात्री झोप लागली नाही.

शनिवारी सकाळी ते बागेजवळच्या पंपघरामागं, आपल्या डब्यापाशी गेले. डबा गंजला होता, वहीचा लगदा झाला होता. तिथंच दगडावर बसून त्यांनी मोबाइलवर स्वतःला कडक नोटीस काढली : ‘देखभाल शून्य. डबा रद्द.’ खाली सही केली आणि नव्या डब्याला मंजुरी दिली.

ते जुना डबा घेऊन घरी आले, तेव्हा काकूंनी तो उलटसुलट करून पाहिला.

“हा माझा साखरेचा डबा,” त्या म्हणाल्या. “अकरा वर्षं मी तुमच्या बहिणीवर संशय घेतला.”

रविवारी बागेत चाळीस माणसं जमली. काकांना पहिल्या सहीचा मान दिला, तर ते रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. तपासनिसाला जागा आधीच माहीत असते. त्यानं पहिली सही करणं बरं दिसत नाही. एक्केचाळिसावे म्हणून त्यांनी वहीत लिहिलं, ते डॉक्टरीणबाईंनी मोठ्यानं वाचलं :

‘फार बरं वाटलं. झाकण सैल आहे. तीस दिवसांत दुरुस्त करावे.’

टाळ्या वाजल्या. काका तोवर झाकण पुन्हा एकदा हलवून बघत होते.