जानकीबाईंच्या कपाटातली सुई

मी एक जुनी, एकदाच टोचलेली सुई आहे, मित्रांनो. जाड पेनासारख्या नळीत माझा जन्म झाला. माझ्यासोबत आत ॲड्रेनलिन नावाचं औषध भरलं होतं. ॲलर्जीने एखाद्याचा श्वास अडू लागला, की टोपण काढायचं आणि मला मांडीच्या बाहेरच्या बाजूला, कपड्यावरूनसुद्धा, दाबून धरायचं. डॉक्टरांची वाट पाहायची नाही. मला बनवणाऱ्यांनी मला फक्त घाई शिकवली होती.

हर्षदने मला दुबईहून मुलुंडला आणलं, आपल्या आईसाठी. जानकीबाई मूळच्या मालवणच्या. पन्नाशीनंतर त्यांना कोलंबीची ॲलर्जी सुरू झाली आणि एकदा तर इस्पितळात न्यावं लागलं. "ही सतत जवळ ठेवा," डॉक्टरांनी बजावलं होतं.

जानकीबाईंनी मला मऊ फडक्यात गुंडाळून कपाटात, लग्नातल्या शालूखाली ठेवलं. कुणी आलं की मला बाहेर काढायच्या. "माझ्या झिलान हाडलेली. हयसर गावणा नाय," असं म्हणत, मुलाने आणलेली आणि इथे न मिळणारी म्हणून मला मिरवून पुन्हा ठेवून द्यायच्या. कौतुक खूप झालं. पण बाहेर त्यांची पर्स उचलल्याचा आवाज आला, दार लागलं, की मी अंधारात तळमळत असे. त्या बाजारात आणि मी शालूखाली.

एका रविवारी घरात कोलंबीचं कालवण झालं, यजमान चंद्रप्रकाश यांच्या आवडीचं. जानकीबाईंनी कोलंबी बाजूला सारली आणि नुसता रस्सा भातावर घेतला. जेवण आटोपतं न आटोपतं तोच हातावर, मानेवर गांधी उठल्या.

"पित्त उठलंय. आमसूल लाव," चंद्रप्रकाश म्हणाले.

"आई, कोलंबी खाल्लीस?" लेकीने, मानसीने विचारलं.

"खयची कोलंबी? नुसतो रस्सो."

"रस्सा काय पालकाचा होता?"

मानसीने कपाट उघडून मला बाहेर काढलं. शेवटी माझी वेळ आली, असं मला वाटलं.

"ठेव ती," जानकीबाई घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "आमसूल लावलंय मा? बरा वाटतला. उगाच फुकट घालव नको. हर्षद आता दिवाळीक येतलो, दुसरी तेवाच गावतली."

मानसी थांबली. तिचा अंगठा टोपणावर होता. काढ गं, काढ, असं मला सांगायचं होतं; पण सुईला आवाज नसतो. आमसुलाचं तांबूस पाणी जानकीबाईंच्या हातावर सुकत होतं. मग त्यांचा घोगरा आवाज पार बसला, ओठ सुजले. त्या काहीतरी बोलायला गेल्या आणि श्वास शिट्टीसारखा वाजू लागला.

तेव्हा मानसीने टोपण उपटलं आणि मला आईच्या मांडीत दाबलं. माझ्याजवळचं सगळं औषध मी दिलं. चंद्रप्रकाश रुग्णवाहिकेसाठी फोनवर बोलत होते. त्यांना स्वतःच्या इमारतीचं नाव सांगता येईना.

औषध उशिरा पोहोचलं होतं. जानकीबाई परत घरी आल्या नाहीत.

मित्रांनो, माझ्यासारखी सुई तुमच्या घरात असेल, तर ती जपून ठेवू नका. जिच्यासाठी आणली तिच्या पर्समध्ये राहू द्या. आवाज बदलला, ओठ सुजले, श्वास लागला, की आधी ती टोचा आणि लगेच रुग्णवाहिका बोलवा. मोठ्यांचं ऐकावं, हे तुम्हाला शिकवलं आहे आणि ते योग्यच आहे. फक्त त्या वेळी आई नको म्हणाली, तरी ऐकू नका. ती रागावेल. रागावू द्या. रागवायला ती असेल.