माहेरपणाला आलेली मगर

अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आत आपली मोटर गोदावरीवर बसणार, असा चंद्रभागाबाईंनी गावभर डांगोरा पिटला होता. कारण एकच. गेल्या उन्हाळ्यात धाकट्या जावेनं, बायडाबाईनं, आपल्या विहिरीचं पाणी त्यांच्या द्राक्षबागेला दिलं आणि वर्षभर चारचौघांत ते बोलून दाखवलं. पुन्हा त्या विहिरीकडं ढुंकूनही बघायचं नाही, हा चंद्रभागाबाईंचा पण.

अखाजी तोंडावर आली. पाइपासाठी चर खणायला शेखर जेसीबी घेऊन काठावर गेला, आणि ओरडतच माघारी आला.

"आई, मगर! जागची हलत नाय!"

"मग तुला काय उठून रामराम घालील व्हय? चल, मी बघते."

वाळूच्या उंचवट्यावर मगर जबडा वासून आडवी पडली होती. मगरीची खबर लागून नाशिकहून आलेली वनखात्याची उज्वला धोक्याची पाटी रोवून बघ्यांना मागं सारत होती.

"आजी, खाली तिची अंडी आहेत. पिल्लं निघेपर्यंत इथं खणू नका. मगरी आता थोड्याच राहिल्यात, आणि असे निवांत काठ त्याहून थोडे."

"अन् तवर माझ्या बागेनं तुझी पाटी वाचून तहान भागवायची?"

तेवढ्यात जेसीबी धडधडला. मगर सळकन पाण्यात शिरली. शेखर पुढं सरकला, तोच ती पुन्हा वर आली आणि अंड्यांच्या वाळूवर हनुवटी टेकून बसली.

चंद्रभागाबाई हात आडवा करून जेसीबीपुढं उभ्या राहिल्या.

"शेखर, यंत्र माघारी ने."

"अन् बाग?"

"अखाजीला लेकी माहेरी येतात. ही तर बाळंतपणाला आली. हिला हाकलली तर लोक माझ्या तोंडात शेण घालतील."

उज्वलानं बांधलेल्या दोरीला त्यांनी कडुलिंबाचे डहाळे लावले, बाळंतिणीच्या दाराला लावतात तसे. पाटीला न जुमानणारे फोटोवाले डहाळे बघून दुरूनच वळू लागले.

मग पदर खोचून त्या जावेच्या दारात उभ्या राहिल्या.

"बायडे, बागेला पाणी लागंल."

"काय म्हणाल्या जाऊबाई? ऐकू नाय आलं."

"आलंय ऐकू. सोयीपुरती बहिरी तू."

बायडाबाई पोट धरून हसली. उठून तिनंच मोटर चालू केली. "मगरीच्या नावानं सोडते हां. तुमच्या नाय."

पावसाच्या आधी एका सकाळी वाळूतून चिवचिवाट ऐकू आला. दोघी जावा दूर बांधावर बसल्या. मगरीनं पायांनी वाळू उकरली आणि एक पिल्लू जबड्यात उचललं.

"अगं बाई, खाल्लं की मेलीनं!" बायडाबाई किंचाळली.

"खाल्लं नाय, पाण्यात सोडती. एवढे दात, पण एक तरी लागू दिला का लेकराला?"

"तेच म्हणते, जाऊबाई. शिका काहीतरी तिच्याकडनं."

चंद्रभागाबाईंच्या जिभेवर झणझणीत उत्तर आलं. पण बागेला अजून एक पाणी लागणार होतं. त्यांनी ते उत्तर तसंच, दात न लावता, तोंडात धरून ठेवलं.