दिव्याचा नवरा

माँट्रियालच्या सेंट लॉरेन्ट रस्त्यावर आजकाल उन्हाळ्यात वाटाडे तरुण मंडळींना घेऊन हिंडतात आणि रेजानच्या बारची जागा दाखवून लाल दिव्याची गोष्ट सांगतात. मंडळी हसतात, टाळ्या वाजवतात. गोष्ट आहेच गमतीची. रोझेर लाफ्लामचं नाव मात्र कोणी घेत नाही. आपल्या माणसांचा इतिहास सांगायचा, तर आपल्यावर काय गुदरलं एवढंच सांगून कसं चालेल? आपण एकमेकांचं काय केलं तेही सांगायला नको का? तिथे आलं की सगळ्यांची दातखीळ बसते.

साठ सालच्या आसपासचे दिवस. रेजान म्हणजे पुरुषी सूट घालून दाराशी उंच स्टुलावर बसणारी धिप्पाड मालकीण. तिच्या बारमध्ये बायका बायकांबरोबर नाचायच्या, आणि पुरुष कडेच्या टेबलांवर आपापल्या मित्रांना खेटून बसायचे. साध्या कपड्यांतले पोलीस दाराशी दिसले, की रेजान भिंतीवरचं बटण कोपरानं दाबायची. नाचणाऱ्यांच्या डोक्यावर लाल दिवा लागायचा. त्यासरशी बायका बायकांना सोडायच्या, पुरुष उठून त्यांच्या कमरेला हात घालायचे, आणि पोलीस आत येईपर्यंत एकजात सगळी जोडपी कशी चर्चमधून लग्न लावून आल्यासारखी. ऐनवेळी गोंधळ नको म्हणून प्रत्येकीचा माणूस ठरलेला असे. त्याला म्हणायचे दिव्याचा नवरा.

रोझेर हा सोलांजचा दिव्याचा नवरा. तो एका मोठ्या दुकानाच्या दर्शनी खिडक्या सजवायचा, पुतळ्यांना कपडे चढवायचा. नाजूक हातांचा, मऊ बोलणारा माणूस. त्याचा मित्र गोदीत हमाल होता. सोलांज ख्रिस्ती मठातल्या जोगिणींच्या शाळेत मुलींना व्याकरण शिकवायची. दोघांची जोडी बारमध्ये सगळ्यांच्या आवडीची, कारण दिवा लागला की त्यांचा खरोखरीचा संसार सुरू व्हायचा.

"अहो, उठा की! दिवा लागला तरी बसलेत मेले त्या गोदीवाल्याला चिकटून."

"आलो गं बाई. आणि या खेपेला नाचात मला पुढं होऊ दे. नवरा मी आहे ना?"

"असं? मला वाटलं, वाटून घेतलंय आपण."

मग तो हसत हसत तिला धरायचा आणि पोलिसांच्या नाकासमोरून गिरक्या घेत जायचा.

एकदा शाळेत कुणीतरी कुजबुजलं. मठाच्या मुख्य मदर सुपीरियरनं सोलांजला बोलावून विचारलं, तिशी उलटली तरी लग्न का नाही? सोलांज रडत रोझेरकडे आली. त्यानं तपकिरी सूट घातला, मेपलच्या साखरेच्या वड्यांचा डबा घेतला आणि मठाच्या दिवाणखान्यात जाऊन वाग्दत्त वर म्हणून अख्खी दुपार ताठ बसला. मदर बेहद्द खूश झाली. हेच नाटक मग त्याच्या आईपुढेही झालं. म्हातारीनं सोलांजसाठी मांसाचं सारण भरून 'मीट पाय' भाजला आणि होणाऱ्या नातवंडांचे मोजे विणायला घेतले. दोन्हीकडे खोट्यावर का होईना, सुख नांदत होतं.

आणि मग जानेवारीतल्या एका शनिवारी सोलांज सर्दीनं घरी राहिली. त्याच शनिवारी दिवा लागला. सगळ्या बायकांनी आपापले नवरे गाठले आणि रोझेर तेवढा उरला. त्याचा हात अजून गोदीवाल्याच्या गुडघ्यावर होता. गोदीवाला मागच्या दारानं निसटला. रोझेरला ते साधलं नाही.

कोठडीत वकील म्हणाला, "बाबा, घाबरू नकोस. हॅट घातलेली एक शाळामास्तरीण कोर्टात उभी राहून 'हा माझा होणारा नवरा' म्हणाली, तर न्यायाधीश ताकीद देऊन सोडतील. आहे का कुणी?"

"आहे," रोझेर म्हणाला. त्याला एकदम हलकं वाटलं. नोकरी वाचली, आई वाचली. सोलांजचा निरोपही आला: येते.

ती आली. निळी हॅट, पांढरे हातमोजे, आणि शेजारी काळ्या झग्यातली खुद्द मदर सुपीरियर. रोझेरला तिच्या धाडसाचं कौतुक वाटलं.

न्यायाधीशांनी विचारलं, "या गृहस्थांशी आपलं लग्न ठरलंय?"

"ठरलं होतं, साहेब."

तिची जीभ घसरली असेल, असं रोझेरला वाटलं.

"होतं म्हणजे?"

"मी मोडलं. हे कसले आहेत ते कळलं मला." तिच्या डोळ्यांना धार लागली. "दोन वर्षांत यांनी मला बोटसुद्धा लावलं नाही. मी वेडी! मला वाटलं, धार्मिक आहेत."

कोर्टात हशा पिकला. शिपायालाही हसू आवरेना. मदरनं सोलांजला आपला रुमाल दिला आणि रोझेरकडे असं पाहिलं की त्यानं मान खाली घातली. तो बोलला असता, तर तिची नोकरी जागच्या जागी गेली असती, आणि तिच्यामागून रेजानचा बार. तो बोलणार नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. त्याच्या चांगुलपणावर सगळा भार टाकूनच ती तिथे उभी होती. तो बोलला नाही.

त्याला तीन महिन्यांची कैद झाली. वर्तमानपत्रात नाव आलं, पत्ता आला. दुकानानं त्याला काढून टाकलं. सुटून तो घरी गेला, तर बाहेरच्या जिन्यावर त्याची पेटी ठेवलेली. आतून आईच्या पावलांचा आवाज येत होता. त्यानं पुष्कळ हाका मारल्या, पण तिनं दार उघडलं नाही.

आता जगात त्याला एकच दार उरलं होतं. पेटी उचलून तो रेजानकडे गेला.

आत शिरतो तर एका टेबलावर कुणीतरी डोळ्यांना रुमाल लावून किंचाळत होतं, "मी वेडी! मला वाटलं, धार्मिक आहेत!" आणि अख्खा बार लोटपोट हसत होता. तीन महिने हीच नक्कल चालली होती. त्याला पाहून नक्कल मध्येच थांबली. मग कुणालातरी हसू फुटलं आणि पुन्हा सगळ्यांनाच.

रेजाननं त्याच्यापुढे बीअर ठेवली. "घे. माझ्याकडून. पण ही शेवटची हं."

"म्हणजे?"

"तुझा फोटो आहे त्यांच्याकडे. तू इथं बसलास की त्यांना आत यायला आयतं कारण. मला बाकीची माणसं सांभाळायचीत, रोझेर."

"मी कोर्टात तोंड उघडलं असतं, तर हा बार राहिला असता का?"

"नसता," रेजान म्हणाली. "म्हणून तर बीअर फुकट."

त्यानं ती प्यायली नाही. संताप यायला हवा होता, पण येत नव्हता. त्याला त्यातल्या कुणालाही सोडून जायचं नव्हतं, हीच खरी शरमेची गोष्ट.

"जाण्याआधी एवढं कर," रेजाननं लाजऱ्याशा एका गोऱ्या पोराला पुढे ढकललं. "हा लुसियां. सोलांजला आता हा. पण धरतो असा, की आंधळा पोलीससुद्धा ओळखेल. जरा शिकव."

सोलांज नाचायच्या जागी उभी होती. छान दिसत होती, गालांवर तेज आलं होतं. रोझेर तिच्यापाशी गेला. त्यानं लुसियांचा हात घेऊन तिच्या पाठीवर ठेवला, थोडा खाली सरकवला.

"इथं. घट्ट नको, सैलही नको. आणि तिच्याकडे बघ, दाराकडे नाही."

मग हळू आवाजात त्यानं तिला विचारलं, "एवढं रडू आणलंस तरी कुठून?"

"आणलं नाही रे, आपोआप आलं." सोलांजनं त्याचा हात प्रेमानं दाबला. "प्रेमभंग झालेल्या बाईला पुन्हा कुणी लग्नाचं विचारत नाही. मदर तर म्हणते, जन्मभर शाळेतच राहा. उभ्या उभ्या ते ध्यानात आलं आणि इतका आनंद झाला, की रडूच कोसळलं."

तिनं ते खरंखुरं, मोकळेपणानं सांगितलं. त्याला आनंद व्हावा असंच तिला वाटत होतं. गाणं सुरू झालं, आणि लुसियांनं तिला अगदी शिकवल्याप्रमाणे धरलं.

रोझेरनं पेटी उचलली. दाराशी रेजाननं त्याची बाही धरली.

"पुढून नको," ती म्हणाली. "मागच्या गल्लीनं जा."

तो मागच्या गल्लीनं गेला.